घरच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर रूळ टाकताना

डबा घसरला की बहुतेकजण आधी चाकं तपासतात. दोष मात्र बहुतेक वेळा रुळाच्या जोडात निघतो. कुठे दोन रुळांच्या माथ्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो, कुठे वळणाच्या मधोमध कोपरा पडलेला असतो. इंजिन आपल्या वजनाच्या जोरावर त्यावरून निघून जातं आणि मागचा हलका डबा उतरतो. सरळ लाइन टाकताना थोडी घाई केलेली चालते, जोडात चालत नाही. आणि खडी चिकटवून झाली की जोड सुधारायला जागाच उरत नाही.

पुढचे आकडे एचओ प्रमाणाचे आहेत, म्हणजे १:८७ आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिमी. ओओ प्रमाणही याच गेजवर चालतं. एन प्रमाणाचं गेज ९ मिमी. तिथे वळणाची त्रिज्या आणि दोन लाइनींमधलं अंतर साधारण निम्मं धरा. जोडातली चूक मात्र तिथे दुप्पट जाचते.

कोणते रूळ घ्यायचे

पाकिटावरचा कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, कोड ८३ म्हणजे २.१ मिमी, कोड ७५ म्हणजे १.९ मिमी. कमी उंचीचे रूळ जास्त खरे दिसतात, पण जुन्या गाड्यांच्या चाकांची कड खोल असते आणि ती कोड ७५ वर रूळ धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पकडींवर खडखडत जाते. जुना साठा असेल तर कोड १००च घ्या. दोन कोड एकाच लेआउटवर वापरायचे असतील तर त्यांच्यासाठी मिळणारा खास जोड वापरा; तळ नाही, माथे एका पातळीत यायला हवेत.

तयार तुकड्यांच्या सेट ट्रॅकमध्ये त्रिज्या ठरलेली असते आणि दर वीतभर अंतरावर जोड येतो. फ्लेक्स ट्रॅकचा तुकडा साधारण ९१४ मिमी लांब असतो आणि हवा तसा वळतो. कायमच्या लेआउटवर साध्या लाइनीला फ्लेक्स आणि त्याच मालिकेतले तयार पॉइंट (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळवणारे सांधे) हाच मेळ चांगला. कमी जोड म्हणजे कमी कटकट.

पाटी आणि आखणी

९ ते १२ मिमी प्लायवूड, खाली लाकडी चौकट, आणि दर ३०० ते ४०० मिमीवर आडवी पट्टी. पातळ एमडीएफ दोन पट्ट्यांमध्ये झोळ धरतो आणि त्याच्या कडा दमट हवेत फुगतात. चिपबोर्ड जड, शिवाय त्यात बारीक खिळा टिकत नाही. लाकडाला वरून, खालून आणि कडांना रंग किंवा व्हार्निश लावा. बंद खोलीत रूळ उष्णतेने जेवढे हलतात, त्याहून चौकटीचं लाकूड दमटपणाने जास्त हलू शकतं.

आडव्या पट्ट्या ठोकण्याआधी पॉइंट कुठे येणार ते ठरवा. पॉइंटच्या हलत्या दांडीखाली मोटार बसते, आणि नेमकी तिथेच पट्टी आली तर चौकट कापावी लागते. हे फार लेआउटांवर होतं.

आराखडा पूर्ण आकारात छापून पाटीवर पसरा किंवा मध्यरेषा थेट पेन्सिलीने आखा. वळणासाठी एका पट्टीच्या टोकाला खिळा आणि हव्या त्रिज्येवर पेन्सिलीचं भोक पुरतं. त्रिज्या ठरवताना तुमचा सर्वांत लांब डबा मोजा. ३०० मिमीचा डबा असेल तर ६०० मिमी त्रिज्येवर तो जेमतेम जातो, ७५० वर भरवशाने धावतो आणि ९०० वर शोभून दिसतो. जागा कमी असेल तर वळण आवळण्यापेक्षा छोटे डबे चालवा.

सरळ लाइन एकदम वळणात शिरली की डब्याला हिसका बसतो. मध्ये हळूहळू वाढणारं वळण, म्हणजे संक्रमण, हवं. त्यासाठी मूळ वळण सरळ रेषेपासून थोडं आत सरकवून आखायचं. किती, ते काढायला संक्रमणाच्या लांबीचा वर्ग करून त्याला त्रिज्येच्या २४ पटीने भागा. ६०० मिमी त्रिज्या आणि ४०० मिमी संक्रमण असेल तर ११ मिमी येतात. मग एक लवचिक पट्टी निम्मी सरळ रेषेवर, निम्मी वळणावर धरून मधली रेषा ओढा. पट्टी स्वतःच बरोबर आकार घेते. डावं वळण संपताच उजवं सुरू होत असेल तर मध्ये निदान एका लांब डब्याएवढी सरळ लाइन टाका. नाहीतर शेजारच्या डब्यांची टोकं विरुद्ध दिशांना फेकली जातात आणि कपलिंगच डबा ओढून उतरवतं.

समांतर लाइनींमध्ये सरळ भागात मध्य ते मध्य ५० मिमी पुरतात, वळणावर नाही. किती लागतील ते लांब डब्याकडूनच काढून घ्या. डब्याच्या मध्यावर आतल्या बाजूने आणि टोकाला बाहेरच्या बाजूने पेन्सिल चिकटवा, डबा वळणावरून ढकला, आणि उमटलेल्या रेषांच्या मध्ये काहीही येऊ देऊ नका. प्लॅटफॉर्म आणि बोगद्याची भिंतसुद्धा.

चढ २ टक्क्यांवर ठेवा, म्हणजे मीटरला २० मिमी. एका लाइनीवरून दुसरी न्यायला पुलाच्या जाडीसकट ७० मिमी धरले तर त्यालाच साडेतीन मीटर लागतात. शिवाय चढ सुरू होताना आणि संपताना उतार हळूहळू बदलायला आणखी जागा. चढ जिथे बदलतो तिथे पॉइंट ठेवू नका.

कॉर्क

रुळाखाली घालायची कॉर्कची पट्टी मधोमध चिरलेली मिळते. एकेक अर्धी पट्टी मध्यरेषेला टेकवून पीव्हीए, म्हणजे सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवा. दोन अर्ध्यांची फटच पुढे रुळाची मध्यरेषा होते. कॉर्कचा जोड आणि रुळाचा जोड एकाच ठिकाणी आणू नका. वाळल्यावर ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून माथा हलक्या हाताने सपाट करा. या पाच मिनिटांच्या कामाला बहुतेकजण फाटा देतात आणि मग उंचवटे रुळातून वर येतात.

आधी पॉइंट, मग लाइन

पॉइंट वाकत नाही, लाइन वाकते. म्हणून सगळे पॉइंट आधी जागेवर ठेवून त्यांच्या दांडीची जागा खूण करा, पॉइंट उचला आणि तिथे १० ते १२ मिमीचं भोक पाडा. पॉइंट बसवल्यावर वरून ड्रिल मारायची वेळ येऊ नये. फ्रॉग, म्हणजे पॉइंटमध्ये आतले दोन रूळ जिथे मिळतात तो भाग, विजेचा असेल तर त्यातून निघणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांना प्लॅस्टिकच्या फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या छोट्या पट्ट्या) लावा, नाहीतर पॉइंट बदलताच शॉर्ट होतो. दांडीच्या आसपास गोंदाचा थेंबही नको.

फ्लेक्स वळवला की आतला रूळ बाहेर डोकावतो, कारण आतला कंस लहान असतो. ९० अंशांच्या वळणात हा फरक सुमारे २६ मिमी येतो, त्रिज्या कोणतीही असो. जो रूळ पकडीत सरकतो तो आतल्या बाजूला ठेवा आणि जास्तीचा तुकडा रेल कटरने कापा. कटरची सपाट बाजू ठेवायच्या रुळाकडे हवी. उलट धरला तर टोक चेपतं. चष्मा घाला, कापलेला तुकडा गोळीसारखा उडतो. मग बारीक कानशीने टोक चौकोनी करा, तळाची बुरी काढा म्हणजे फिशप्लेट सहज सरकेल, आणि माथ्याची आतली कड किंचित मोडा. चाकाची कड याच कोपऱ्यावर चढते.

फिशप्लेट बसायला टोकाच्या एक-दोन स्लीपरवरच्या पकडी काढाव्या लागतात. ते स्लीपर फेकू नका. वरचा भाग तासून पातळ करा, शेवटी रुळाखाली सरकवून चिकटवता येतात. फिशप्लेट घालताना रूळ तिच्या आत शिरलाय की नुसता वर बसलाय ते बोट फिरवून बघा. वर बसलेला रूळ डोळ्याला पटकन दिसत नाही, बोटाला लगेच कळतो.

वळणात जोड येत असेल तर तो वळवण्याआधीच करायचा. दोन फ्लेक्स सरळ ठेवून फिशप्लेटसकट डाग द्या, म्हणजे कथलाने सांधा, जोडालगतच्या उरलेल्या पकडी शाबूत ठेवा आणि मग दोन्ही मिळून एकच लांब तुकडा समजून वळवा. जोड वळवल्यानंतर केला तर फ्लेक्सची टोकं सरळ व्हायला बघतात आणि तिथे कोपरा पडतो. वळणातल्या घसरणीचं हे सर्वांत नेहमीचं कारण.

सगळेच जोड डाग देऊन बंद करू नका. निकेल सिल्व्हरचा तीन मीटर रूळ तापमान २० अंशांनी वाढलं की साधारण १ मिमी लांबतो. सरळ भागात दर दोन-तीन जोडांमागे एक जोड सुटा ठेवा आणि त्यात अर्धा मिमी फट सोडा. थंडीत रूळ टाकत असाल तर थोडी जास्त, उन्हाळ्यात थोडी कमी.

खिळे हे फक्त गोंद वाळेपर्यंतचे पाहुणे. पातळ थरात पीव्हीए पसरून रूळ ठेवा, १५० ते २०० मिमीवर खिळे टोचा आणि वर वजनं ठेवून रात्रभर सोडा. खिळा कधीही पूर्ण ठोकू नका. डोकं स्लीपरवर दाबलं गेलं की स्लीपर मध्यावर खचतो, त्याची टोकं उचलली जातात, दोन्ही रुळांचे माथे आत कलतात आणि गेज आवळतं. वरून रूळ छान दिसतो, पण चाकं तिथे अडखळतात. डोक्याखालून कागद सरकला पाहिजे.

वीज

फिशप्लेटच्या भरवशावर वीज सोडू नका. ती आज नेते, गंजल्यावर नेत नाही. पाटीखालून १.५ चौरस मिमीच्या दोन मुख्य तारा फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.६ मिमीच्या एकेरी तारेचा स्वतंत्र फीडर द्या. दोन रुळांना दोन रंग, आणि ते रंग शेवटपर्यंत बदलायचे नाहीत. फीडर रुळाच्या बाहेरच्या अंगाला जोडा. जागा आधी कानशीने चमकवा, रोझिन फ्लक्स लावा, तारेच्या टोकाला आधीच कथील धरवा आणि ४० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचं रुंद टोक दोन-तीन सेकंद टेकवा. कमी ताकदीचं आयर्न सुरक्षित वाटतं, पण ते रेंगाळतं आणि तेवढ्या वेळात स्लीपर वितळतात. दोन्ही बाजूंना धातूचे चिमटे लावले की उष्णता पसरत नाही. नळकामाचं आम्लाचं फ्लक्स इथे चालणार नाही, त्याने रूळ हिरवे पडतात.

डीसीसी, म्हणजे इंजिनांना रुळांतूनच डिजिटल आदेश देणारी पद्धत, असेल तर लाइनीच्या प्रत्येक भागात दोन्ही रुळांवर नाणं टेकवा. आदेश सोडणाऱ्या कमांड स्टेशनने लगेच वीज तोडली पाहिजे. जिथे तोडली नाही तिथे तार बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे, आणि खरा शॉर्ट झाला तर तिथेच काहीतरी वितळेल. गाडी वळसा घालून त्याच लाइनीवर उलटी येत असेल तर त्या वळशाचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना तोडा. तोडलेला भाग सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब हवा.

लेआउट दोन पाट्यांचा असेल तर पाटीच्या कडेला रुळाखाली पितळी स्क्रू बसवा, त्यांचं डोकं रुळाच्या तळाला भिडेल इतकंच वर ठेवा आणि रूळ त्यावर डागा. रूळ अखंड टाकून, पाट्या बोल्टने आवळलेल्या असतानाच बारीक चकतीने कापायचा. दोन टोकं वेगवेगळी बसवून जुळवायला गेलात तर ती क्वचितच जुळतात.

चाचणी, मग खडी

डोळा रुळाच्या पातळीला नेऊन लाइनीच्या लांबीच्या दिशेने बघा. उभ्याने न दिसणारे कोपरे असे दिसतात. मग एक हलका डबा हाताने सोडून बघा, आणि शेवटी सर्वांत लांब गाडी उलटी ढकला, पॉइंटांमधून, हळू आणि मग वेगाने. उलट्या गाडीत सगळा दाब कपलिंगवर येतो, त्यामुळे पुढे जाताना लपलेले दोष बाहेर येतात. एकच डबा वेगवेगळ्या ठिकाणी उतरत असेल तर चाकं बघा. वेगवेगळे डबे एकाच जागी उतरत असतील तर रूळ बघा. आठवडाभर गाड्या विनातक्रार धावल्याशिवाय खडीचं पाकीट उघडू नका.

खडीवरून आधी चुंबक फिरवा. खऱ्या दगडाच्या काही खड्यांत लोह असतं आणि ते इंजिनाच्या मोटारीच्या चुंबकाला जाऊन चिकटतं. कोरडी खडी मऊ ब्रशने स्लीपरच्या माथ्याखाली बसवा. स्लीपरवर एकही खडा नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा, आणि ओली असतानाच एक भाग पीव्हीए, दोन भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब हे मिश्रण ड्रॉपरने सोडा. न भिजवता गोंद टाकला तर खडीचे गोळे होतात. पॉइंटच्या पात्यांजवळ खडी अगदी विरळ, आणि दांडीखाली मुळीच नको. गोंद वाळेपर्यंत दर अर्ध्या तासाने पॉइंट हलवत राहा. वाळल्यावर रुळाचे माथे अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर वापरू नका, त्याच्या ओरखड्यांत काजळी बसते. शेवटी प्रत्येक पॉइंटची पाती आतल्या बाजूने तपासा, कारण एक खडा अडकला तरी पातं पूर्ण मिटत नाही.