चेक इंजिनची लाईट लागली? सेन्सर घ्यायच्या आधी अर्थिंगची वायर तपासा

गेल्या पावसाळ्यात माझ्या बीएस-४ पेट्रोल गाडीची चेक इंजिनची लाईट लागली, गाडी आयडलला थरथरायला लागली, पिकअप मेला आणि पीयूसीला हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, जास्त आलं. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर गेलाय म्हणून सांगितलं, मी नवा टाकला पण, आणि आठ दिवसांत लाईट परत हजर. शेवटी निघालं काय, तर इग्निशन कॉइलच्या (प्लगला ठिणगीचा करंट देणारा पार्ट) अर्थ वायरचं, म्हणजे मायनसला जोडणाऱ्या वायरचं, टोक गंजलेलं. तुमचे पैसे असे जाऊ नयेत म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधी एक, लाईट ब्लिंक होत असेल तर गाडी अजिबात ताणू नका, बाजूला घ्या आणि बंद करा. ब्लिंक म्हणजे जोरात मिसिंग चालू आहे, सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा पार्ट) जाऊन जळतं, आतली जाळी वितळते आणि तो पार्ट भयंकर महाग आहे. लाईट स्थिर असेल, टेम्परेचर आणि ऑइलची लाईट ठीक असेल, तर हळू चालवत घरी आणता येते.

मग डॅशबोर्डखालच्या १६ पिनच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीचे फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) लावा आणि कोड डिलीट करायच्या आधी लिहून घ्या, फ्रीझ फ्रेमसकट (कोड आला तेव्हाची इंजिनची नोंद). माझ्याकडे पी०३०० आणि पी०१७१ होते, म्हणजे सगळीकडे मिसिंग आणि मिक्श्चर लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इथेच लोक फसतात. पेट्रोल जळलं नाही की त्याच्या वाटचा ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो, सेन्सर तोच बघतो आणि लीन सांगतो, म्हणजे सेन्सर बिचारा खरंच बोलत असतो, आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) ते ऐकून अजून पेट्रोल सोडतो.

एकाच सिलिंडरचा कोड असेल, समजा पी०३०२ म्हणजे दोन नंबरचा, तर इंजिन बंद करून दोन आणि तीन नंबरची कॉइल अदलाबदल करा, कोड डिलीट करून चालवून बघा. पी०३०३ आला तर कॉइल खराब. दोनवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर नाहीतर कॉम्प्रेशन बघायचं.

सगळेच सिलिंडर मिस करत असतील तर मल्टिमीटर काढा, डीसी २० व्होल्टवर. बंद गाडीत चांगली चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, चालू गाडीत १४ च्या आसपास. आता काळा प्रोब बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर आणि घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक ओढलेला हवा. ०.२ च्या आत पाहिजे. माझं हे बरोबर होतं, म्हणून लाल प्रोब इंजिन चालू असताना कॉइलच्या कनेक्टरच्या मागून काळ्या अर्थ वायरला लावला, तर ०.७! तिथे ०.१ सुद्धा जास्त. बेल्ट आणि फॅनपासून बाही, ओढणी लांब ठेवा.

तो अर्थचा बोल्ट सिलिंडर हेडवर होता, १० नंबरच्या पान्याचा. उघडला तर रिंगखाली पांढरट-हिरवी भुकटी, आणि वायर सोलली तर तांबं काळं पडलेलं. चमकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा, मला बोटभर कापावी लागली. मग तेवढ्याच जाडीचा तुकडा सोल्डर करून वर हीट श्रिंक, नवी रिंग नीट क्रिम्प, बसायची जागा सँडपेपरने घासून साफ आणि शेवटी वरून थोडं ग्रीस. नुसती पिळून टेप मारलेली वायर एका पावसाळ्यात परत गंजते. काम करताना बॅटरीचं मायनस आधी काढा आणि शेवटी लावा, पिवळ्या वेष्टणातल्या एअरबॅगच्या वायरींना हात नको, आणि फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका, वायर पेटते.

उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा, एअर फिल्टरच्या डब्याखाली हमखास असतं.

अर्थ ठीक असूनही लीन येत असेल तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलला +२० आणि २५०० आरपीएमला +५ असेल तर कुठेतरी हवा ओढतेय, व्हॅक्यूमचे पाइप आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट तपासा. रेस आणि लोड वाढल्यावर ट्रिमही वाढत असेल तर पंप किंवा फिल्टर.

माझं ट्रिम +१८ वरून +३ वर आलं. मग १५-२० मिनिटं हायवेला फिरवून गरम गाडी थेट पीयूसीला नेली, कारण थंड कन्व्हर्टर कामच करत नाही. आयडलला हायड्रोकार्बनची मर्यादा २०० पीपीएम, माझं ४० च्या आत आलं. जुना सेन्सर डिकीतच आहे, तो चांगलाच होता.