नाताळची भेट: चौथा प्लम केक नेण्याआधी या चुका टाळा

२५ डिसेंबरच्या संध्याकाळी वसईतल्या किंवा वांद्र्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घरात गेलात, तर जेवणाच्या टेबलाकडे जरा नीट बघा. एक केक घरी केलेला, एक ऑफिसातून आलेला, एक वरच्या मजल्यावरच्यांनी दिलेला. तिसऱ्याच्या खोक्याची दोरीसुद्धा अजून सुटलेली नसते. शेजारी कुलकुल, नेवऱ्या अशा नाताळच्या गोडाची ताटं झाकून ठेवलेली. आणि दारात आपण, हातात चौथा प्लम केक घेऊन उभे.

भेट फसते ती पैसे कमी पडले म्हणून क्वचितच. आपण सण बघून खरेदी करतो. त्या आठवड्यात त्या घरात काय चाललंय, हे बघत नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे.

गोडावर गोड

ज्या घरी आठवडाभर गोडाचा घाणा चालू आहे, तिथे तिखटमिठाचं काहीतरी न्या. आपल्याकडची चकली, लसणाचा चिवडा, कडबोळी यांचं नाताळात जे स्वागत होतं, ते दिवाळीतही होत नाही. चांगली डाळिंबं किंवा संत्रीही चालतात. गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे गोडाचं ताट पाठवायची जुनी पद्धत आहे, मुंबई-वसईतही डबे फिरतातच. असा डबा तुमच्याकडे आला असेल तर तो रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्या डब्यातून गेलेली चकली ही रिबीन बांधलेल्या हॅम्परपेक्षा कितीतरी बरी भेट, असं माझं ठाम मत आहे.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. घरात त्या वर्षी कुणी गेलं असेल, तर बऱ्याच गोवन घरांत नाताळचं गोड करत नाहीत. दिवाळीत दुःखाच्या घरी शेजारपाजारचे फराळ नेऊन देतात, तसंच तिथेही होतं. अशा घरी गोड जरूर न्या, पण चमकता कागद आणि ‘मेरी ख्रिसमस’चं कार्ड नको.

उलट दिशेची चूकही सर्रास होते. शाकाहारी शेजाऱ्यांना बेबिंका हा गोव्याचा थरांचा गोड पदार्थ दिला जातो आणि त्यात अंड्याचे बलक भरपूर असतात, हे नंतर कळतं. दोदोल म्हणजे तांदळाचं पीठ, काळा गूळ आणि नारळाचं दूध; पेरूचं पेराद तर नुसता पेरू आणि साखर. शाकाहारी घरी हे दोन्ही निर्धास्त द्या. केक ‘एगलेस’ आहे म्हणजे त्यात रमही नाही, असं नाही. सुका मेवा कशात भिजवलाय, हे बेकरीवाल्याला थेट विचारा.

ख्रिश्चन म्हणजे वाईन चालतेच

ही समजूत हिंदी सिनेमाने आपल्या डोक्यात पक्की बसवली आहे. महाराष्ट्रातली कितीतरी ख्रिस्ती घरं, विशेषतः अहिल्यानगर-जालना भागातली प्रोटेस्टंट कुटुंबं, दारूला शिवतही नाहीत. तिथे सगळ्यांसमोर पिशवीतून बाटली काढली, की यजमानांची पंचाईत आणि तुमची शोभा. ज्यांना चालते हे पक्कं माहीत आहे, त्यांनाच द्या. गोव्याहून येताना ‘दोन बाटल्या घेऊन येतो’ असं कबूलही करू नका. तिथली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि डिसेंबरात नाक्यांवर तपासणी कडक असते.

धार्मिक वस्तूंचंही तेच. कॅथलिक घरात क्रूस आणि मारियामातेची मूर्ती असतेच, आणि ती बहुधा कुणीतरी जवळच्याने दिलेली किंवा तीर्थाहून आणलेली असते. प्रोटेस्टंट घरात मूर्ती ठेवतच नाहीत. आपल्याला वास्तुशांतीला सात गणपती मिळाले की त्यांचं काय होतं, ते आठवा.

चांगली वस्तू, चुकीची तारीख

कागदी चांदणी, दिव्यांच्या माळा, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यातली मेंढरं, मेणबत्त्या या सगळ्या सुंदर भेटी आहेत, पण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. नाताळआधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि तयारी तेव्हापासून चालते. २५ तारखेला दिलेली चांदणी सरळ माळ्यावर जाते. कपड्यांचंही तसंच. नाताळचे कपडे शिंप्याकडे केव्हाच गेलेले असतात, त्यामुळे २४ला दिलेला शर्टपीस पुढच्या लग्नात आहेर म्हणून तिसऱ्याच्या हातात पडणार. (तुम्हीही मिळालेली वस्तू पुढे ढकलणार असाल, तर आतली नावाची चिठ्ठी आधी काढा.)

ऑनलाइन खरेदीत एक छुपा खड्डा आहे. नोव्हेंबरच्या सेलमध्ये स्वस्तात घेतलेल्या बुटांची परत करण्याची मुदत वस्तू हातात पडल्यापासून मोजली जाते आणि बहुतेक ठिकाणी ती सात-दहा दिवसांची असते. नाताळला बॉक्स उघडून बूट घट्ट निघाले, तर दार बंद. मापाची वस्तू असेल तर ओळखीच्या दुकानातून घ्या, ‘२५ नंतर बदलून द्याल ना?’ असं विचारून बिलावर तसं लिहून घ्या. किमतीचा टॅग काढा, मापाचा राहू द्या.

भेट द्यायला जाण्याची वेळही बघा. २४च्या रात्री चर्चमध्ये मिस्सा म्हणजे सामूहिक प्रार्थना, मग उशिरापर्यंत जागरण. २५ला दुपारी सगळं गणगोत जेवायला. फोन करून संध्याकाळी जा.

मुलांच्या भेटी

खेळण्याच्या बॉक्सवर आयएसआयचं चिन्ह शोधा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला यातून सूट आहे, म्हणून सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर शिक्का दिसला नाही तर लगेच बिचकू नका. गाणारा सांता, चमकणारी मेणबत्ती यांत बहुधा बटणासारखा छोटा सेल असतो. तो बाळाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ती वस्तू लहान मूल असलेल्या घरी नको. भावंडं असतील तर किमती सारख्या असण्यापेक्षा खोक्यांचे आकार सारखे असलेले बरे. पाच वर्षांच्या पोराला रुपये कळत नाहीत, खोकं कळतं.

परदेशी पार्सल

अत्तर आणि पॉवर बँक विमानाच्या पार्सलमध्ये चालत नाहीत, दोन्ही पेट घेणाऱ्या मालात मोडतात. ब्रिटनला दुधाचे पदार्थ पाठवू नका, पेढ्यांचा डबा अडकू शकतो. तिथे ३९ पौंडांपर्यंतच्या भेटीवर आयात व्हॅट लागत नाही. त्यामुळे फॉर्मवर ‘भेट’ असं लिहून खरी किंमत टाका, कमी दाखवायच्या फंदात पडू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला लाकूड, बिया, गवताचं पॅकिंग यांवरून अडवणूक होते. आणि मेलबर्नच्या मामेभावाला स्वेटर पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की तिथे नाताळ भर उन्हाळ्यात येतो.

ऑफिसातला सीक्रेट सांता

चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायची, हा तो खेळ. पाचशे रुपयांत कॉफीचा मग सोडून काहीही द्या. समोरच्याच्या टेबलावर काय संपत आलंय ते दोन दिवस बघा: कॉफी, आवडीचा चहा, पेनाची रिफिल. वजन, त्वचा, टक्कल या विषयांवरच्या ‘गमती’ला त्या खोलीत सगळे हसतात, एक सोडून. ठरलेल्या रकमेच्या दुप्पट खर्च करणंही आगाऊपणाच.

चूक झालीच तर

समोरच्याने भेट दिली आणि आपण रिकाम्या हाताने गेलो असू, तर ‘तुमची घरीच राहिली’ असं खोटं बोलू नका, मग तीच भेट रात्री धावपळ करून आणावी लागते. मनापासून घ्या, पुढच्या आठवड्यात डबा घेऊन जा. एकाच घरी दोनदा तीच वस्तू पोचली, तर बिल पाठवून द्या, बदलून घेतील. आणि २५ तारीख हुकली म्हणून सगळं संपत नाही. ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो. गोव्यात रेइश मागूश, कांसावली आणि चांदोर इथे तो थाटात होतो, आणि बाळ येशूला भेटी पोचल्या त्या याच दिवशी, असं मानतात. तोपर्यंत नेलेली भेट उशिराची धरत नाहीत. त्यानंतर मात्र नाताळचं नाव न काढता त्यांना सरळ जेवायलाच बोलवा.