चाइल्ड प्रोसेसचे सिग्नल हाताळताना या चुका टाळा

लिनक्सवर सर्व्हर काही दिवस चालला की पीएसच्या (चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडच्या) यादीत ‘डिफंक्ट’ लिहिलेल्या ओळी साचू लागतात, आणि पहिला हात जातो तो किल -९ कडे, म्हणजे जबरदस्तीने मारणाऱ्या सिग्नलकडे. त्याचा काडीचाही उपयोग नाही. ही डिफंक्ट, म्हणजे झॉम्बी प्रोसेस मेलेलीच असते. पेरेंटने, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसने, एक्झिट स्टेटस (संपतानाचा निकाल-क्रमांक) वाचावा एवढ्यासाठी कर्नलने तिची नोंद ठेवलेली असते. म्हणजे बघायचे ते पेरेंटकडे.

तिथे सिगचाइल्डचा (चाइल्ड संपल्यावर पेरेंटला येणाऱ्या सिग्नलचा) हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन, बहुधा असतोच, पण त्यात वेटपिड (संपलेल्या चाइल्डचा स्टेटस वाचणारे फंक्शन) एकदाच बोलावलेले असते. एक चाइल्ड मेली की एक सिग्नल येणार, असा हिशेब. तो चुकतो, कारण हे सिग्नल रांग लावत नाहीत. एक सिगचाइल्ड पेंडिंग असताना आणखी तीन चाइल्ड संपल्या तरी पेंडिंग तो एकच राहतो. चार पाहुणे एकदम दारात आले तरी बेल एकदाच वाजते, तसे. म्हणून वेटपिडला उणे एक (कुठलीही चाइल्ड) आणि डब्ल्यूनोहँग (वाट न पाहता परत ये) देऊन, शून्य किंवा उणे एक परत येईपर्यंत लूप फिरवा. डब्ल्यूनोहँग विसरलात आणि एखादी चाइल्ड अजून जिवंत असली, तर पेरेंट हँडलरमध्येच अडकून बसेल.

हा लूप जाता जाता एररनो (शेवटच्या एररचा क्रमांक ठेवणारी जागा) बदलून जातो, तेव्हा शिरताना ती जपा आणि निघताना परत ठेवा. हँडलरमधून प्रिंटएफ किंवा मॅलॉक (मेमरी मागणारे फंक्शन) नको. मेन कोड मॅलॉकचे लॉक धरून असताना सिग्नल आला तर डेडलॉक (कायमचे अडकणे) होतो, आणि तोही अशा वेळी की डीबगर लावल्यावर पुन्हा दिसत नाही. वेटपिडच्या लूपखेरीज हँडलरने फक्त एक फ्लॅग लावावा किंवा पाइपमध्ये एक बाइट लिहावा. बाकीचे काम मेन लूपमध्ये करावे.

‘सिगचाइल्ड दुर्लक्षित करा, झॉम्बी आपोआप जातील’ हा सल्ला खोटा नाही, लिनक्सवर तसे होतेही. पण मग चाइल्डचा एक्झिट स्टेटस मिळत नाही. वेटपिड ईचाइल्ड (‘चाइल्डच नाही’ अशी एरर) देते, आणि कुठल्यातरी लायब्ररीने आत सिस्टिम हे कमांड चालवणारे फंक्शन वापरले असेल तर कमांड व्यवस्थित चालूनही उणे एक हाती येते.

आणखी एक शर्यत, म्हणजे आधी कोण पोचतो यावर निकाल ठरण्याची चूक. फोर्क (नवी चाइल्ड बनवणारा कॉल) झाल्यावर पेरेंट तिचा पीआयडी (प्रोसेस क्रमांक) आपल्या टेबलात लिहिण्याआधीच चाइल्ड संपली, तर हँडलरला टेबलात काही सापडत नाही. फोर्कआधी सिगचाइल्ड ब्लॉक करा (तात्पुरता रोखून ठेवा), नोंद झाल्यावर उघडा.

आणि चाइल्डमध्येही उघडा, एक्झेकच्या (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवणाऱ्या कॉलच्या) आधी. इथे सर्वाधिक वेळ वाया जातो असे माझे मत. एक्झेकनंतर तुमचे हँडलर गळून पडतात आणि ते सिग्नल मूळ वागणुकीवर येतात, पण दुर्लक्षित केलेले सिग्नल दुर्लक्षितच राहतात आणि ब्लॉक मास्कही (ब्लॉक केलेल्या सिग्नलची यादी) तसाच पुढे जातो. सिगटर्म (साधा किल पाठवतो तो सिग्नल) ब्लॉक असताना सुरू केलेला प्रोग्राम निर्दोष असूनही साध्या किलने मरत नाही, आणि लोक त्याचा कोड तपासत बसतात. पायथनचा इंटरप्रिटर सुरू होतानाच सिगपाइप (वाचणारा न उरलेल्या पाइपमध्ये लिहिल्यावर येणारा सिग्नल) दुर्लक्षित करतो; सबप्रोसेस मॉड्यूल ३.२ पासून चाइल्डमध्ये तो पूर्ववत करून देते. सी मध्ये हे तुम्हालाच करावे लागते.

म्हणून कोड उघडण्याआधी प्रॉकमधली (प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या /proc डिरेक्टरीतली) त्या पीआयडीची स्टेटस फाइल वाचा. सिगबीएलके, सिगआयजीएन आणि सिगसीजीटी या ओळींत ब्लॉक केलेले, दुर्लक्षित आणि हँडलर असलेले सिग्नल हेक्समध्ये दिसतात. सिग्नल क्रमांकातून एक वजा केला की शून्यापासून मोजलेला बिट मिळतो: सिगटर्म १५, म्हणून बिट १४, हेक्समध्ये ४०००; सिगपाइप १३, म्हणून बिट १२, हेक्समध्ये १०००.

कंट्रोल-सी चे प्रकरण वेगळे. त्याने जाणारा सिगइंट (थांबवण्याचा सिग्नल) फक्त पेरेंटला नव्हे, फोरग्राउंडच्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला जातो. पेरेंटने नीट आवराआवर करेपर्यंत चाइल्ड आधीच गेलेली असते. ती वाचवायची असेल तर सेटपीजीआयडीने वेगळा ग्रुप द्या, आणि हा कॉल पेरेंट व चाइल्ड दोघांतही करा, कारण आधी कोण धावेल याचा भरवसा नाही. नंतर सगळ्या ग्रुपला मारायचे तर किलला ग्रुपचा क्रमांक उणे करून द्या. उलट, शेल स्क्रिप्टमध्ये अँपरसँड लावून बॅकग्राउंडला सोडलेली कमांड कंट्रोल-सी ला दाद देत नाही, कारण जॉब कंट्रोल (फोरग्राउंड-बॅकग्राउंड सांभाळण्याची शेलची सोय) बंद असताना शेल तिच्यासाठी सिगइंट दुर्लक्षित करून ठेवते.

डॉकरचा कंटेनर थांबायला दर वेळी १० सेकंद लागून एक्झिट कोड १३७ येत असेल, तर पीआयडी १ कडे, म्हणजे कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसकडे, पाहा. त्या प्रोसेसने हँडलर लावला नसेल तर कंटेनरच्या आतून वा डॉकरकडून आलेला सिगटर्म कर्नल टाकून देतो. मग डॉकर मुदत संपल्यावर सिगकिल (क्रमांक ९) पाठवतो, म्हणून १२८ अधिक ९, १३७. हँडलर लावा, किंवा डॉकर रनला इनिट पर्याय द्या, म्हणजे पीआयडी १ ची जागा एक छोटी इनिट प्रोसेस घेते.