मोठ्या संख्येची कुंडली कशी मांडायची

भलीमोठी संख्या समोर आली की लोक ती मूळ आहे का, वर्ग आहे का, अमुक आहे का तमुक आहे का हे सुटं सुटं तपासत बसतात, त्यात उगाच वेळ जातो. आधी मूळ अवयव पाडा, बाकी जवळजवळ सगळं त्यातूनच निघतं.

१,२३,४५,६७८ घेऊ. शेवटी ८, म्हणजे सम, २ ने भागली की ६१७२८३९. अंकांची बेरीज ३६, म्हणून ९ नेही भाग जातो, उरले ६८५८७१. बेरीज ३५, म्हणजे ३ संपला, ५ चा तर प्रश्नच नाही. आता ७, ११ आणि १३ साठी वेगवेगळा भागाकार करू नका, तीन-तीन अंकांचे गट पाडा, ८७१ वजा ६८५ म्हणजे १८६, आणि १८६ ला या तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही, विषय संपला. (७ × ११ × १३ = १००१, म्हणून हे चालतं. मला ही युक्ती फार आवडते.) १७ पासून पुढे मात्र मुकाट्याने भागाकार, कंटाळा येतो, पण ४७ ला लागतो एकदाचा: ४७ × १४५९३.

१४५९३ मूळ आहे का? १२१ चा वर्ग १४६४१, म्हणजे वर्गमूळ त्याच्या आत, त्यामुळे ११३ पर्यंत बघितलं की बास, आणि ४७ च्या खालच्या सगळ्या तर आधीच बाद झाल्यात, ४७ पासूनच सुरू करा. एकानेही भाग जात नाही, म्हणजे मूळ.

तर २ × ३² × ४७ × १४५९३. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा, २ × ३ × २ × २ = २४ विभाजक. घातांक सगळे सम नाहीत म्हणून पूर्ण वर्ग नाही (शेवटी ८ बघूनच कळायला हवं होतं म्हणा). दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल? नाही, कारण ४७ ला ४ ने भागलं की बाकी ३ उरते आणि त्याचा घातांक विषम आहे, असा एक अवयव सापडला तरी पुरे.

स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज येते १,४९,७४,२९०, संख्येपेक्षा जास्त, म्हणजे ही विपुल संख्या. एवढी बेरीज न करताही कळलं असतं, ६ ने भाग जाणाऱ्या संख्येचा अर्धा, तिसरा आणि सहावा हिस्सा मिळूनच ती पूर्ण होते, त्यात १ हा विभाजक वर, म्हणून ६ सोडून ६ च्या पटीतली प्रत्येक संख्या विपुलच.

अवयवांवरून थेट न कळणारी एक गोष्ट म्हणजे द. रा. कापरेकरांची हर्षद संख्या, अंकांच्या बेरजेने भाग जातो का ते बघायचं. इथे ३६ ने जायला हवा, पण शेवटच्या ७८ ला ४ ने भाग जात नाही, सो नाही.

वीस-बावीस अंकी संख्या असेल तर हाताने करायच्या भानगडीत पडू नका, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये फॅक्टर नावाची कमांडच आहे, अवयव तिच्याकडून घ्या आणि पुढचं सगळं असंच वाचा.