एका पक्षात न मावणाऱ्या पुणेकराची मतदानपूर्व तयारी

ही तयारी निवडणूक नसताना करायची. आचारसंहिता लागली की रिक्षा, भोंगे आणि घरातले वाद यांत डोकं शांत राहत नाही. एक जुनी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका, तिथे मध्येच सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकतं आणि पुढची पाच मिनिटं आपण त्याचंच मत आपलं म्हणून लिहीत बसतो. वहीत आधी फक्त स्वतःची मतं उतरवा, पक्षांची नावं नंतर. घरात आजोबांपासून एकाच चिन्हाला मत पडत आलं असेल तर ती सवय झाली, तिची वहीत नोंद नको. दहा-बारा वाक्यं पुरेत, पण नेमकी हवीत. ‘विकास हवा’ हे खोडा, त्याच्या विरोधात कोणीच उभं नाही. ‘आमच्या मार्गावर पीएमपीची बस दर दहा मिनिटांनी हवी, त्यासाठी मिळकतकर थोडा वाढला तरी चालेल’ हे ठेवा. मतापुढे त्याची किंमत लिहिली की निम्मी यादी आपोआप गळते.

उरलेली वाक्यं एकमेकांशी भांडतील. भांडू द्या. कर कमी हवा म्हणणाऱ्यालाच महापालिकेचा दवाखाना चांगला हवा असतो, आणि गणपतीत दहा दिवस मंडळात राबणारा कार्यकर्ताच ढोल चालेल पण डीजेच्या भिंती बंद करा म्हणतो. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ‘तुम्ही डावे की उजवे’ सांगणाऱ्या ऑनलाइन चाचण्यांच्या नादी लागू नका. बऱ्याचशा चाचण्या अमेरिकेतल्या प्रश्नांवर बेतलेल्या असतात, त्यांना आपलं आरक्षण आणि आपला टँकर ठाऊक नसतो.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं काम. पानावर तीन रकाने आखा: दिल्ली, मुंबई आणि महापालिका भवन. प्रत्येक वाक्य त्याच्या मालकाच्या रकान्यात टाका. परराष्ट्र धोरण, आयकर, जनगणना दिल्लीच्या खाली. पोलीस आणि जमीन मुंबईच्या खाली. कचरा, गल्लीतला रस्ता, ड्रेनेज महापालिकेच्या खाली. इथवर सोपं आहे. गोची पुढे होते, कारण पुण्यातले जिव्हाळ्याचे प्रश्न दोन-दोन, तीन-तीन रकान्यांत पाय ठेवून असतात. खडकवासला साखळीतून शहराला किती पाणी द्यायचं हे राज्याचा जलसंपदा विभाग ठरवतो, पण ते २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांच्या नळाला पोचवायचं काम महापालिकेचं. मिळकतकर महापालिका घेते, तरी राहत्या घराची ४० टक्के सवलत २०२३ मध्ये परत मिळाली ती राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयामुळे. मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे भागीदार आहेत, पीएमपी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची कंपनी. आणि तो डीजे? आवाजाचे नियम केंद्राने २००० साली केले, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट द्यायची मुभा राज्याला आहे आणि मिरवणुकीत मशीन लावून आवाज मोजायचा तो पोलिसांनी. नगरसेवकाने डीजे थांबवावा अशी अपेक्षा असेल तर आधी त्याच्या मंडळाच्या मिरवणुकीत काय वाजतं ते ऐकून या.

रकाने भरले की बहुतेकांच्या लक्षात येतं की आपल्या मतांचा घोळ वाटला होता तेवढा नाही. दिल्लीसाठी एक पक्ष पटतो, मुंबईसाठी दुसरा, गल्लीसाठी एखादी बाई, जी कुठल्याही पक्षातून उभी राहिली तरी चालेल. तीन वेगळ्या निवडणुका आहेत, तीन वेगळी उत्तरं लिहा. असं लिहिण्यात दुटप्पीपणा आहे असं मला वाटत नाही. पक्ष स्वतःच तसं वागतात: राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि राष्ट्रवादी जानेवारी २०२६ मध्ये पुणे महापालिकेसाठी समोरासमोर लढले, तर फुटलेल्या दोन राष्ट्रवादी इथे एकत्र आल्या.

मग ज्या मुद्द्यांवर पक्षांत फरकच नाही ते गोल करून बाजूला ठेवा. ते मुद्दे महत्त्वाचे असतील, पण पक्ष निवडायला त्यांचा उपयोग नाही. महिलांच्या खात्यात थेट पैसे हा त्यातला पहिला. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये सुरू झाल्यावर २०२४ च्या विधानसभेला महायुतीने २१०० सांगितले आणि महाविकास आघाडीने ३०००. तुम्ही योजनेच्या बाजूने असा की विरोधात, या प्रश्नावर कुठलं बटण दाबायचं ते ठरत नाही. मराठा आरक्षणाचं विधेयक फेब्रुवारी २०२४ मध्ये विधानसभेत एकमताने मंजूर झालं, म्हणजे तिथेही मतदानाच्या नोंदीवरून फरक कळायचा नाही. टेकडीचा प्रश्न मात्र गोल करू नका. बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून जावा की नाही यावर एकाच पक्षातली माणसं वेगवेगळं बोलतात. असा मुद्दा पक्षाच्या पानावरून काढून उमेदवाराच्या पानावर न्यायचा आणि प्रचाराला घरी आल्यावर एकच प्रश्न विचारायचा: सभागृहात हा विषय आला तर हात वर करणार का? ‘टेकडीही वाचली पाहिजे आणि वाहतूकही सुटली पाहिजे’ असं उत्तर आलं तर वहीत ‘उत्तर दिलं नाही’ असं लिहा.

जाहीरनामे वाचायचे तर वाचा. वचननामा, संकल्पपत्र, काय म्हणाल ते. मी एका बैठकीत वाचून होईल एवढंच वाचतो. त्याहून उपयोगाचं म्हणजे तोच पक्ष सत्तेत असताना काय म्हणाला आणि विरोधात असताना काय म्हणाला, हे शेजारी-शेजारी ठेवणं. खासदाराने विचारलेले प्रश्न आणि त्याची हजेरी लोकसभेच्या वेबसाइटवर बघता येते. नगरसेवकाचं काम बघायला वेबसाइट लागत नाही. बाकावर, कमानीवर, बसथांब्याच्या छपरावर ‘यांच्या संकल्पनेतून’ अशी पाटी असतेच. फक्त ती कामं ‘स’ यादीतली (म्हणजे नगरसेवकाने सुचवलेल्या कामांची बजेटमधली यादी) बाकं आणि ब्लॉकच आहेत की त्याखालच्या ड्रेनेजलाही कोणी हात लावला, ते पावसाळ्यात एक चक्कर मारून बघा.

मतदारसंघ तपासायलाच हवा, कारण पुण्यात राहणारा प्रत्येक जण पुण्याचा खासदार निवडत नाही. हडपसर विधानसभा शिरूर लोकसभेत जाते, खडकवासला बारामतीत. धायरीतला माणूस पुण्याच्या उमेदवारांवर तावातावाने वाद घालतो आणि केंद्रावर गेल्यावर यंत्रावर भलतीच नावं बघून बावचळतो.

महापालिकेला एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात. गेल्या निवडणुकीत १६५ जागा ४१ प्रभागांत होत्या, ४० प्रभाग चार जणांचे आणि एक पाचांचा. म्हणजे बहुतेकांच्या हातात अ, ब, क, ड अशी चार मतं. ती चारही एकाच चिन्हाला द्यावीत असं पॅनेलवाले सांगतात, दारात येऊन चिठ्ठीही तशीच देतात. कायद्याने मात्र प्रत्येक जागा स्वतंत्र आहे. अ ला एका पक्षाची, ब ला दुसऱ्याचा, क ला अपक्ष आणि ड ला कोणीच पसंत नसेल तर त्या जागेपुढचं नोटा, हे सगळं चालतं. मिश्र मतांच्या माणसाला याहून सोयीची मतपत्रिका मिळणार नाही. तेव्हा चारही जागांची आपली निवड घरूनच कागदावर लिहून, पाठ करून जा. आत गेल्यावर यंत्रासमोर उभं राहून विचार करायला लागलात की मागची रांग आणि आतला कर्मचारी दोघंही खाकरतात.

लोकसभा आणि विधानसभेला असं वाटून देता येत नाही, मत एकच असतं. तिथे मी पक्षाला जास्त वजन देतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहात पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, निघाला की आमदाराचं स्वतःचं मत खिशातच राहतं. तरी माणूस बघूनच मत द्यायचं असेल तर कसबा पेठ मतदारसंघ आठवून बघा. फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या चिन्हावर रवींद्र धंगेकर निवडून आले, नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे भाजपचे हेमंत रासने जिंकले आणि मार्च २०२५ मध्ये धंगेकर शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. पोटनिवडणुकीत ज्यांनी पंजा बघून बटण दाबलं आणि ज्यांनी धंगेकरांना बघून दाबलं, त्यांच्या वाटा दोन वर्षांत वेगळ्या झाल्या. तुम्ही यांपैकी कोण आहात हे आधीच लिहून ठेवा. चिन्हांचंही नीट बघा: धनुष्यबाण आणि मशाल, घड्याळ आणि तुतारी वाजवणारा माणूस. आजीला सांगताना नुसतं ‘शिवसेना’ म्हणून भागत नाही.

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र दहा मिनिटांचं काम आहे. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं त्यात असतं. गुन्ह्यांच्या रकान्यात कलमं बघा. आंदोलनात रस्ता अडवला म्हणून दाखल झालेला गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका मापाने मोजू नका. गुन्हेगारी खटले प्रलंबित असलेला उमेदवार का निवडला याचं कारण पक्षाने जाहीर करावं असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. ती कारणं जरूर वाचा, करमणूक होते.

शेवटी मतदार यादी. घर बदललं असेल तर फॉर्म ८, नाव नवीन असेल तर फॉर्म ६. महापालिकेची यादी वेगळी बनत नाही, ती विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात. जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. नाव ऑनलाइन शोधा, आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, आणि घरातल्या सगळ्यांचं केंद्र एकच आहे असं गृहीत धरू नका.