नेमरुतच्या माथ्यावर जाण्यापूर्वी

प्राचीन राजाची समाधी आणि देवांचे दगडी पुतळे असलेल्या, तुर्कस्तानातल्या नेमरुत डोंगरावर जायचं ठरलं, की आधी महिना नक्की करा. हिवाळ्यात माथा बर्फाखाली असतो, त्यामुळे मे अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हाच खरा काळ. इस्तंबूलहून आदियामानला विमानाने जाता येतं. मुक्काम मात्र डोंगराच्या कुशीतल्या कारादुत गावात करा, म्हणजे पहाटेची धावपळ वाचते. आदियामान शहरात राहणार असाल, तर खोली पक्की केल्याशिवाय निघू नका. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात या शहराची फार हानी झाली.

हे शिखर २,१०० मीटरच्या वर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा जवळपास पाचशे मीटर उंच. खाली जुलैचा उन्हाळा असला तरी पहाटे वर बोचरा वारा असतो. कानटोपी, विंडचीटर आणि आत एक गरम कपडा हवाच. शेवटची चढण पायी आहे, म्हणून चांगल्या पकडीचे बूट, टॉर्च आणि पाणी घ्या. सोबत चिक्की असू द्या.

सगळ्यात महत्त्वाची तयारी वाचनाची. कोमाजीन या इथल्या प्राचीन राज्याच्या पहिल्या अंतियोकस राजाने इ. स. पूर्व पहिल्या शतकात इथे स्वतःची समाधी उभारली. वडिलांकडून इराणी आणि आईकडून ग्रीक कुळाचा वारसा तो सांगत असे, म्हणून इथल्या पुतळ्यांतले देवही ग्रीक-इराणी जोडनावांचे: झ्यूस-ओरोमास्देस, अपोलो-मिथ्रास. त्यांच्याच रांगेत तो स्वतः बसला आहे. पुतळ्यांमागचा समाधीचा सुमारे ५० मीटर उंचीचा ढीग मुठीएवढ्या दगडांचा आहे. दफनाची खोली अजून कुणाला सापडलेली नाही. त्या ढिगावर चढू नका. दगड घसरतात आणि स्मारकाचं कायमचं नुकसान होतं.

सूर्योदयाला पूर्वेच्या चौथऱ्यावर गर्दी जमते. तिथे देवांची धडं सिंहासनांवर बसलेली आहेत आणि शिरं खाली मांडून ठेवली आहेत. फोटो झाले की बहुतेक जण परततात, हे मला फार खटकतं. सिंहासनांच्या पाठीमागे जा. दगडावर ओळीमागून ओळ ग्रीक अक्षरं कोरलेली दिसतील. राजाचा जन्मदिवस महिन्याच्या १६ तारखेला आणि राज्यारोहण १० तारखेला, हे दोन्ही दिवस दर महिन्याला साजरे करा, जमलेल्या लोकांना जेवू घाला, असं त्यात सांगितलं आहे. या शिलालेखाचा अनुवाद आधी वाचून, मोबाइलमध्ये घेऊन जा. मग ढिगाला वळसा घालून पश्चिमेच्या चौथऱ्यावर जा. तिथली शिरं संध्याकाळच्या उजेडात जास्त चांगली दिसतात, म्हणून शक्य असेल तर सूर्यास्तालाही वर या.

थोडी लिरांची रोकड जवळ ठेवा. परतीच्या वाटेवर अर्सामेया हे प्राचीन ठिकाण आणि जेंदेरेचा रोमन पूल यांसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. अर्सामेयाला कोमाजीनचा राजा ग्रीक वीर हेराक्लीसशी हस्तांदोलन करतानाचं शिल्प आहे, आणि तिथेही चढ आहे, तेव्हा पाण्याची बाटली निघतानाच पुन्हा भरून घ्या.