कितीपैकी किती? लसींच्या संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

गोरव्याच्या पुढे रिफायनरीकडे निघालात की उंडेरा लागतं. आता ते बडोदा महापालिकेत आलंय, आधी वेगळं गाव होतं. मी दांडिया बाजारात वाढले, घरातली चौथी पिढी या शहरात, तरी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत उंडेरा माझ्यासाठी पाटीवरच्या नावापुरतंच होतं. मग एकदा आमच्या मॅडमनी फळ्यावर एक कोष्टक मांडलं. त्या कोष्टकामुळे मी या विषयात आले, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी तिथे प्लेगचे जंतू वाढवले, ते उष्णतेने मारून लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ती लस बडोदा संस्थानातल्या उंडेऱ्यात आली, तेव्हा गावात प्लेग होताच. तिथे हाफकिन यांनी सगळ्या गावाला सरसकट टोचलं नाही. एकेका कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं, आणि वय, तब्येत पाहून दोन्हीकडची माणसं शक्य तितकी सारखी राहतील असं बघितलं. म्हणजे घर तेच, उंदीर तेच, पिसवा त्याच. पुढे २८ कुटुंबांत प्लेग आला. त्या घरांत लस घेतलेले ७१ जण होते. त्यातले ८ आजारी पडले, ३ दगावले. न घेतलेले ६४ होते. त्यातले २७ आजारी पडले आणि २६ दगावले.

मॅडमनी विचारलं, "लस कशी होती?" कुणीतरी म्हणालं, "चांगली होती, फक्त तीनच गेले." मॅडम म्हणाल्या, "फक्त? कशाच्या मानाने फक्त?" तो ६४ चा रकाना नसता तर त्या तीनला काही अर्थच नव्हता, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. आजच्या चाचणीत कुणाला लस द्यायची हे माणूस ठरवत नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि कुणाला काय टोचलं हे टोचणाऱ्यालाही माहीत नसतं. पण त्या सगळ्याच्या मुळाशी असलेली कल्पना उंडेऱ्याच्या त्या दोन रकान्यांतही दिसते. जमलं तर एकदा तिथे जाऊन या. स्मारक शोधू नका, गल्ल्यांतून नुसतं फिरा. एकाच छपराखाली काहींना टोचलेलं आणि काहींना नाही, हे नीट डोळ्यांसमोर येतं.

या क्षेत्रात यायचं कसं, हे प्रत्येक जण विचारतो, तर ते थोडक्यात सांगते. बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, प्राणिशास्त्र, बायोटेक, काहीही चालतं. फार्मसी, पशुवैद्यक आणि वैद्यकातूनही लोक येतात. बायोटेकच्या एम.एस्सी.ला गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा, आयआयटीत जायचं तर जॅम. पुढे पीएच.डी.ला सीएसआयआर-नेट किंवा आयसीएमआरची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) परीक्षा. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि दोन वर्षांनंतर एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिप) ४२,००० फेलोशिप आहे, वर घरभाडं. नेट पहिल्या झटक्यात निघाली नाही तर वर्षभर घरी बसून फक्त गाईडं पाठ करू नका. एखाद्या प्रकल्पात लागा, पैसे कमी मिळाले तरी. बडोद्यातून पुणं एका रात्रीवर आहे. तिथे राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, पेशीविज्ञानाची एनसीसीएस आहे. गांधीनगरच्या संस्था तर जवळच. घरची काळजी मला कळते, माझी आईही "इथंच काहीतरी बघ" म्हणायची, पण अर्ज तरी सगळीकडे करा.

एक गोष्ट मात्र पोटतिडकीने सांगते: संख्याशास्त्र शिका. "जीवशास्त्र घेतलं ते गणित नको म्हणूनच" म्हणणारी मुलं दर वर्षी भेटतात, हुशार असतात, आणि तिसऱ्या वर्षी स्वतःच्याच निकालांसमोर अडखळतात. मीही अडखळले होते.

आता प्रयोगशाळेत काय वाट्याला येतं ते. बहुतेकांच्या हातात पहिल्यांदा येते ती एलायझाची, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी तपासण्याच्या चाचणीची, प्लेट. तळहाताएवढी, ९६ खड्ड्यांची. खड्ड्यांच्या तळाशी विषाणूचं प्रथिन चिकटवलेलं असतं, त्यावर माणसाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पाणी, घालायचं. त्यात त्या प्रथिनाला ओळखून चिकटणारी अँटीबॉडी असेल तर ती धरून बसते. मग धुवायचं, दुसरी अँटीबॉडी घालायची, परत धुवायचं, शेवटी रंगाचं द्रावण. पाच-दहा मिनिटांत खड्डे निळे होऊ लागतात, आम्ल घातलं की क्षणात पिवळे. पहिल्यांदा बघताना मन भरून येतं, अजूनही येतं. पण नजर आधी रंगीत खड्ड्यांकडे जाऊ देऊ नका, कोपऱ्यातल्या कोऱ्या खड्ड्यांकडे बघा. तिथे सीरम घातलेलंच नसतं. ते पिवळे झाले असतील तर तुमचं धुणं कच्चं आहे आणि बाकीची सगळी प्लेट बाद. उंडेऱ्याचा ६४ चा रकाना तो हाच.

माझ्या हातून एकदा जे झालं ते सांगते, कारण ते तुमच्याही हातून होऊ शकतं. फ्लूच्या लशीला तरुणांचं आणि साठीपुढच्यांचं शरीर कसा प्रतिसाद देतं, यावर आमचं काम चालू होतं. वयाबरोबर छातीतली थायमस ग्रंथी आक्रसत जाते, नव्या टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी तयार होतात आणि लशीला प्रतिसाद मंदावतो. त्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या असतात. नळीत तळाशी फायकॉल नावाचं जड द्रावण, त्यावर पातळ केलेलं रक्त अगदी हलक्या हाताने, नळीच्या भिंतीवरून सोडायचं. थर मिसळता कामा नयेत. मग अर्धा तास सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा, आणि मधे ताकाच्या निवळीवर साय धरावी तसं एक अंधुक पांढरं कडं. हव्या त्या पेशी त्या कड्यात असतात. यंत्र थांबताना ब्रेक बंद ठेवायचा, नाहीतर झटक्याने थर हलतात. मी ब्रेक चालू ठेवला. नळी बाहेर काढली तर कडं नव्हतंच, सगळं गढूळ.

ते रक्त एका सत्तरीच्या काकांचं होतं. वाघोडिया रोडवरून सकाळी स्कूटरवर आले होते, शीर सापडेना म्हणून दोनदा सुई टोचावी लागली होती, तरी "कंई वांधो नहीं, बेन" म्हणून हसले होते. मी त्या दिवशी नोटबुकात लिहिलं: नमुना वाया, कारण ब्रेक चालू राहिला. संध्याकाळच्या आत माझ्या संशोधनाच्या गाईडना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण काकांना पुन्हा बोलावायला परवानगी नव्हती. तुमच्याकडे येणारी प्रत्येक नळी म्हणजे कुणीतरी टोचून घेतलेली सुई असते. चूक झाली तर त्याच दिवशी लिहा, त्याच दिवशी सांगा. चूक दडवली तर एका बिघडलेल्या नमुन्यावर पुढची दहा माणसं इमले बांधत बसतात.

नमुने घ्यायला शिबिरात जाल तेव्हा गुजराती नीट बोला. आपण बडोद्याचे मराठी बोलतो बरं, पण संमतीपत्र समजावताना मात्र पटकन इंग्रजीत घसरतो. लोक हमखास विचारतात, "बेन, रिपोर्ट क्यारे मळशे?" (कधी मिळेल?) अशा अभ्यासात बहुतेक वेळा रिपोर्ट मिळणार नसतो. ते सही घेण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

वाचनाचं म्हणाल तर नवं खूप घडतंय. आरएनए लशींच्या मुळाशी असलेल्या कामासाठी कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना २०२३ चं नोबेल मिळालं. आरएनएच्या एका अक्षरात बदल केला की शरीर त्यावर धावून जात नाही, हा त्यांचा शोध २००५ चा. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंकाऊ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींसाठी. हे सगळं वाचा. पण मी नव्या मुलांना आधी बीसीजीबद्दल, म्हणजे टीबीच्या जुन्या लशीबद्दल, वाचायला लावते. तमिळनाडूत चिंगलपट जिल्ह्यात १९६८ मध्ये बीसीजीची प्रचंड मोठी चाचणी सुरू झाली. लस टोचलेल्यांची त्वचाचाचणी सकारात्मक येत होती, म्हणजे शरीर प्रतिसाद देत होतं. तरी मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीपासून संरक्षण काही मिळालं नाही. लहान मुलांना टीबीच्या गंभीर प्रकारांपासून बीसीजी वाचवते, म्हणून ती आजही देतात. पण प्रतिसाद दिसणं वेगळं आणि संरक्षण मिळणं वेगळं, हे चिंगलपटइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही. एम७२ नावाच्या नव्या टीबी-लशीने चाचणीच्या मधल्या टप्प्यात, आधीच संसर्ग असलेल्या प्रौढांत आजार निम्म्यावर आणला. २०२४ पासून तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू आहे. त्या निकालाची मी फार आतुरतेने वाट बघतेय.

आणि आपल्या दाराशीही काम पडलंय. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडला, म्हणून त्याचं ते नाव. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत त्याची मोठी साथ आली. वाळूमाशीतून पसरतो, मुलांच्या मेंदूला सूज येते आणि एकदोन दिवसांत मूल हातचं जातं. लस नाही, खास औषध नाही. कुणी विषय शोधत असेल तर इथे बघा.

कोविडच्या दिवसांत आमच्या वाड्यातल्या काकू अँटीबॉडीचा रिपोर्ट घेऊन यायच्या. "माझा आकडा अठराशे, सुनेचा चारशेच. तिला परत डोस द्यायचा का गं?" दोघींच्या लॅब वेगळ्या, किट वेगळं, त्यामुळे आकड्यांची तुलनाच होत नव्हती. नंतर ओमिक्रॉन आला तेव्हा लशीच्या अँटीबॉडी त्याच्यापुढे बऱ्याच तोकड्या पडल्या, लस घेतलेल्यांनाही ताप आला, पण गंभीर आजारापासून बहुतेकांचं रक्षण झालं. टी-पेशींची विषाणूला ओळखण्याची ताकद बरीचशी टिकून होती, आणि ती काकूंच्या रिपोर्टात कुठेच नव्हती.

माझ्या स्वतःच्या आकड्यावरही मी एकदा घाबरले होते. रक्ताचे नमुने हाताळायचे तर हिपॅटायटिस बीची लस हवीच. मी लहानपणी घेतली होती. रुजू होताना तपासलं तर अँटीबॉडी १० च्या खाली, आणि १० ही संरक्षणाची मानलेली रेघ. मला एकच डोस दिला आणि महिन्याने परत तपासलं, तर आकडा काही शेकड्यांत गेला होता. रक्तातल्या अँटीबॉडी ओसरल्या होत्या, पण स्मृतिपेशी वीस वर्षं तशाच बसून होत्या. तुम्ही लहानपणी ही लस घेतली नसेल तर निवड होईपर्यंत थांबू नका. तीन डोस आहेत, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. शेवटच्या डोसनंतर एकदोन महिन्यांत टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण) तपासून घ्या आणि तो कागद फाईलमध्ये लावून ठेवा, रुजू होताना पहिल्या दिवशीच मागतात.